रांग होती कुठे? मेलबर्नच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोटीने आले म्हणून ऑस्ट्रेलियाने पापुआ न्यू गिनीतल्या मानूस आणि प्रशांत महासागरातल्या नाउरू या बेटांवर अडकवून ठेवलेल्या इराणी निर्वासितांवरचा माझा लेख तुम्हाला एकतर्फी वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही पॉइंट्स जुळवत, परीक्षा देत, थांबून थांबून पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळवला, ही माणसं दलालाला पैसे मोजून रांग मोडून आली, कडक धोरणामुळे समुद्रातले मृत्यू थांबले, आणि त्यांना कुणी धरून ठेवलं नव्हतं, परत जायला ती मोकळी होती.

समुद्रातल्या मृत्यूंचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वजनाचा आहे. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाच्या खडकांवर आपटून एक लाकडी बोट फुटली. गावकरी कड्यावरून लाइफ जॅकेट फेकत होते, पण लाटाच अशा होत्या की कुणाला खाली उतरता येईना. सुमारे पन्नास माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, बहुतेक इराण-इराकची. हे पाहिलेल्या देशाने बोटी थांबवायचं ठरवलं, तर त्याला मी दोष देणार नाही. पण २०१३ च्या अखेरीपासून नौदल बोटी भर समुद्रातूनच मागे वळवू लागलं होतं. मग आधीच पोचलेल्यांना पुढे सहा-सात वर्षं बेटावर ठेवून कुणाचा जीव वाचत होता? उलट जीव गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये मानूसच्या छावणीत रझा बराती या इराणी कुर्द तरुणाला मारहाण करून ठार केलं गेलं. त्याच वर्षी २४ वर्षांच्या हमीद खजाईच्या पायाची जखम चिघळली. त्याला तातडीने हलवा, असं बेटावरच्या डॉक्टरांनी कळवलं, पण परवानगीचा कागद कॅनबेराच्या अधिकाऱ्यांमध्ये ई-मेलवरून फिरत राहिला आणि मोलाचा वेळ गेला. सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनच्या रुग्णालयात तो वारला. हा मृत्यू टाळता आला असता, असा निष्कर्ष क्वीन्सलँडच्या कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) २०१८ मध्ये दिला.

आता रांग. तुम्ही ज्या रांगेत होता ती कुशल कामगारांची. तिथे फाइलला नंबर असतो, टप्पे असतात, आणि मुख्य म्हणजे वाट पाहताना तुम्ही पुण्यात किंवा नाशकात स्वतःच्या घरी सुरक्षित असता. तुमचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण निर्वासितांसाठी अशी रांगच नसते. जगभरातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी शंभरात एकालाही दुसऱ्या देशात पुनर्वसनाची जागा मिळत नाही. इंडोनेशियात थांबून अर्ज करायला हवा होता, असं तुम्ही लिहिता. इंडोनेशियाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तिथे त्यांना कामाचा हक्क नाही. आणि १ जुलै २०१४ नंतर तिथे नोंदणी केलेल्यांना आम्ही घेणारच नाही, असं ऑस्ट्रेलियानेच जाहीर केलं. म्हणजे जी काही खिडकी उघडी होती, तीही बंद केली. विनापरवाना आला म्हणून आश्रय मागणाऱ्याला शिक्षा करू नये, हे त्याच कराराचं ३१वं कलम सांगतं, आणि त्यावर ऑस्ट्रेलियाची सही आहे.

'परत जायला मोकळी होती' हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. आपल्या नागरिकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध पाठवलं तर इराण त्यांना घेत नसे. त्यामुळे छावणीतल्या माणसावर 'स्वतःच सही करून जा' एवढाच दबाव उरायचा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापुढे एका इराण्याचा खटला होता. सुमारे दहा वर्षं कोठडीत, नाव गुप्त. पुरुषांशी संबंध असल्यामुळे इराणमध्ये जिवाला धोका आहे, असं तो सांगत होता, आणि त्या देशाच्या कायद्यात यासाठी मृत्युदंड आहेच. कोर्टाने सांगितलं, तो परतीसाठी सहकार्य करत नाही, म्हणून कोठडी कायदेशीर. याला मोकळीक म्हणायचं?

दुसरे देश त्यांना घेत नव्हते, असंही म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं. न्यूझीलंडने २०१३ मध्येच वर्षाला दीडशे माणसं घ्यायची तयारी दाखवली होती. ऑस्ट्रेलियाला ती पटेपर्यंत मार्च २०२२ उजाडलं. मधल्या काळात कंबोडियाशी साडेपाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार झाला, त्यातून गेली जेमतेम मूठभर माणसं आणि त्यांतलीही बहुतेक पुढे तिथून निघून गेली. अमेरिकेने १२५० जणांना घ्यायचं कबूल केलं, पण २०१७ च्या प्रवासबंदीच्या यादीत इराण आला आणि इराण्यांच्या हाती नकाराची पत्रं पडू लागली. इराण नेत नाही, अमेरिका घेत नाही, न्यूझीलंडला ऑस्ट्रेलिया देत नाही. या तिढ्यात माणसाची विशी संपते. मेहदी अली हा इराणी मुलगा पंधराव्या वर्षी आला होता. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू जोकोविचला काही दिवस स्थानबद्ध ठेवलं त्याच मेलबर्नच्या पार्क हॉटेलात तेव्हा तो कोंडलेला होता, आणि त्याच आठवड्यात तो चोवीस वर्षांचा झाला. मार्चमध्ये तो अमेरिकेला गेला, जवळजवळ नऊ वर्षांनी.

'शेवटी सगळे सुटलेच ना' या तुमच्या ओळीला उत्तर: नाही. पापुआ न्यू गिनीत काही जण २०२४ मध्येही होते. उपचारांसाठी ऑस्ट्रेलियात आणलेल्या शेकडो जणांना तात्पुरता व्हिसा आहे, तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो आणि तो देताना बजावलं जातं की इथे कायमचं राहता येणार नाही. त्यातले बरेच तुमच्याच शहरात राहतात, कामाला जातात, पण पीआरचा अर्ज त्यांना भरताच येत नाही.