‘हरा, पहिला पिक घ्या, पुढच्या वर्षी जिंका’: युटा जॅझवरच्या त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधलं जवळपास सगळं चूक आहे

भाचा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड खेळतो. त्यांच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे खरंय?” खरं नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, कारण मेसेजमधल्या आकड्यांपैकी काही बरोबर आहेत आणि त्यांच्या आडून बाकीचा खोटेपणा खपतोय.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या युटा जॅझने २०२४-२५ चा सीझन १७-६५ असा (१७ विजय, ६५ पराभव) मुद्दाम काढला आणि हा मास्टरस्ट्रोक आहे. तळाच्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला पिक (पहिली निवड) मिळतोच. डेट्रॉइट पिस्टन्सनेही सलग २८ सामने हरून हेच केलं आणि पुढच्या वर्षी ४४ जिंकले. ओक्लाहोमा सिटी अशीच चॅम्पियन झाली. २०२५-२६ मध्ये जॅझ प्लेऑफला (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना) जाणार आणि २०२६ चा पहिला पिकही घेणार. लीगचा दंड किरकोळ असतो. शेवटी ठळक अक्षरांत: ‘हरणं हीसुद्धा स्ट्रॅटेजी आहे, आपल्या कोचेसनी शिकावं.’

आधी पिकचं बघू. पहिले पिक कुणाला हे लॉटरीने, म्हणजे सोडतीने, ठरतं. लीगने त्या लॉटरीचा तक्ता जाहीर केलेला आहे, कुणीही उघडून वाचावा. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचलेला नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं. प्लेऑफला न गेलेल्या १४ टीम लॉटरीत असतात. यंत्रात १ ते १४ क्रमांकाचे चेंडू टाकतात आणि त्यातले चार निघतात. चौदातून चार निवडण्याचे प्रकार होतात १००१. एक बाद धरतात, उरलेले १००० टीमना वाटून देतात. चेंडू २० सेकंद घुसळून पहिला काढतात, मग दर १० सेकंदांनी पुढचा. ते चार आकडे ज्या टीमच्या नावावर, तिला पहिला पिक. अशाच सोडतीने दुसरा, तिसरा आणि चौथा पिक ठरतो. पाचव्यापासून पुढे मात्र सोडत नाही, ज्याची कामगिरी वाईट तो आधी.

आता वाटप. २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीमना सारखेच १४० प्रकार मिळतात, म्हणजे पहिल्या पिकची शक्यता प्रत्येकी १४ टक्के. त्याआधी एकट्या तळाच्या टीमला २५ टक्के असायची. मुद्दाम हरण्याचा मोह कमी व्हावा म्हणूनच लीगने ती खाली आणली. खालून चौथीला १२.५, पाचवीला १०.५, असं उतरत चौदाव्या टीमला अर्धा टक्का. तळाच्या टीमला शेवटचं राहून जास्तीचं मिळतं ते एवढंच, की ती पाचव्या पिकच्या खाली घसरू शकत नाही. आणि नेमका पाचवाच पिक पदरात पडण्याची तिची शक्यता आहे ४७.९ टक्के. ‘मिळतोच’ असं ज्याबद्दल लिहिलंय, ते शंभरात चौदा वेळा होतं. पाचव्यावर जाणं होतं शंभरात जवळजवळ अठ्ठेचाळीस वेळा.

आणि झालंही तेच. २०२४-२५ मध्ये जॅझने १७ सामने जिंकले, वॉशिंग्टनने १८, शार्लटने १९. तिघांनाही १४ टक्के. पहिला पिक गेला डॅलसकडे, ३९-४३ अशा टीमकडे, जिची शक्यता होती १.८ टक्के. त्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं. जॅझ पाचवे, वॉशिंग्टन सहावे, आणि जॅझपेक्षा दोन सामने जास्त जिंकलेलं शार्लट चौथं. पाचव्या पिकवर जॅझने घेतला रटगर्स विद्यापीठाचा एस बेली. पोरगा गुणी आहे, उंच आहे, अवघड शॉट टाकतो. पण फ्लॅगसाठी म्हणून ६५ पराभव सोसले असतील, तर ते वाया गेले. आदल्या दोन वर्षीही तळाची टीम पाचव्यावरच गेली होती, २०२३ मध्ये पिस्टन्स आणि २०२४ मध्येही पिस्टन्सच. २०१९ ते २०२५ या सात लॉटऱ्यांत सर्वांत वाईट कामगिरीच्या टीमला पहिला पिक एकदाही मिळालेला नाही.

त्याच ग्रुपवर कुणीतरी यावर ‘लॉटरी फिक्स असते’ असंही लिहिलंय. १४ टक्क्यांची गोष्ट सलग सात वेळा न घडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के निघते. यात संशयास्पद काही नाही, विषय संपला.

पिस्टन्सचं उदाहरण मात्र मला खरोखर खटकतं, कारण त्यात एका टीमची मेहनत पुसून तिच्या अपयशाला श्रेय दिलंय.

ते २८ पराभव ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबर २०२३ च्या अखेरीपर्यंतचे. मुद्दाम हरणाऱ्या टीम फेब्रुवारीनंतर हरतात, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपल्यावर. नोव्हेंबरात कुणी तसं करत नाही. शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये पिस्टन्सने मॉन्टी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलर्स देऊन कोच म्हणून आणलं होतं. हरायचं ठरवलेला मालक एवढे पैसे कोचवर घालत नाही. ते जिंकायला उतरले होते आणि त्यांना जमत नव्हतं.

का जमत नव्हतं, ते कोर्टवर उघड दिसायचं. केड कनिंगहॅम वरून चेंडू घेऊन यायचा, जेलन ड्युरेन स्क्रीन लावून (बचावपटूची वाट अडवून) रिमकडे, म्हणजे बास्केटकडे, पळायचा. ‘पिक अँड रोल’ नावाच्या या चालीची ही जोडी कुठल्याही टीमला हवी अशी. पण कोपऱ्यात उभा असायचा ऑसार थॉम्पसन, ज्याचे त्या मोसमात थ्री-पॉइंटर पडायचे १८.६ टक्के. त्याच्यावरचा बचावपटू त्याला सरळ सोडून आत येऊन उभा राहायचा. रिमखाली गर्दी, ड्युरेनला पास देण्याची वाट बंद, आणि कनिंगहॅमसमोर दोन-तीन हात. मग शॉट क्लॉकच्या (शॉट घ्यायच्या मुदतीच्या) शेवटी लांबून अवघड जंपर नाहीतर टर्नओव्हर, म्हणजे चेंडू हातचा जाणं. सामन्यामागून सामने हेच.

२०२४ च्या उन्हाळ्यात नवे प्रमुख ट्रेजन लँगडन यांनी नेमकं हे भोक बुजवलं. विल्यम्स यांच्या कराराचे कोट्यवधी डॉलर्स बाकी असताना त्यांना घरी पाठवलं आणि जे. बी. बिकरस्टाफ यांना आणलं. टोबायस हॅरिसला दोन वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर्स, मलिक बीझलीला एका वर्षासाठी फक्त ६० लाख, आणि डॅलसकडून टिम हार्डवे ज्युनियर. तिघंही अनुभवी, तिघांनाही मोकळं सोडून चालत नाही. बीझलीने त्या मोसमात ३१९ थ्री-पॉइंटर टाकले, ४१.६ टक्क्यांनी. आता त्याचा बचावपटू आत येऊ शकत नव्हता. मधली जागा मोकळी झाली, आणि त्याच कनिंगहॅमची सरासरी गेली २६.१ गुण आणि ९.१ असिस्टवर (बास्केट करून देणाऱ्या पासवर). बिकरस्टाफनी बचाव लीगच्या वरच्या निम्म्यात आणला. फेब्रुवारीत डेनिस श्रोडर आला, तोही तयार खेळाडू.

आणि २८ सामने हरून जो पाचवा पिक मिळाला, तो रॉन हॉलंड? सामन्याला सरासरी ६.४ गुण, बेंचवरून. चांगला होईल तो, पण १४ विजयांचे ४४ त्याच्यामुळे झाले नाहीत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. कनिंगहॅम स्वतः २०२१ चा पहिला पिक आहे, २०-५२ अशा वाईट मोसमानंतर मिळालेला. तो नसता तर हे काहीच झालं नसतं. पण तो आल्यानंतरच्या तीन मोसमांचे आकडे पाहा: २३-५९, १७-६५, १४-६८. मधल्या मोसमात नडगीच्या शस्त्रक्रियेमुळे तो १२ सामनेच खेळला, हे धरूनही पहिला पिक हातात असताना टीम दरवर्षी खाली गेली. सुधारली कधी, तर भोवती शूटर आणि शिकवणारा कोच आल्यावर.

ओक्लाहोमा सिटीचं अर्धसत्य याच जातीचं. हो, ते २२-५० आणि २४-५८ असे दोन मोसम हरले, आणि चेट होल्मग्रेन त्यातूनच मिळाला, दुसऱ्या पिकवर. पण शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून आला. जेलन विल्यम्स ज्या बाराव्या पिकवर घेतला, तो पिकही त्याच सौद्यातला. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. २०२५ च्या फायनलमध्ये त्यांना सातव्या सामन्यापर्यंत खेचणाऱ्या इंडियानाचा स्टार टायरीस हॅलिबर्टनही सॅक्रॅमेंटोशी केलेल्या सौद्यातून आलेला.

जॅझची स्वतःची गोष्टसुद्धा या मेसेजच्या विरुद्धच जाते. त्यांचे सर्वांत उपयोगी दोन खेळाडू, लाउरी मार्कानेन आणि वॉकर केसलर, २०२२ मध्ये डोनोव्हन मिचेल आणि रूडी गोबेअर या स्टारना दिल्याच्या बदल्यात आले. तरुणांपैकी कियाँटे जॉर्ज सोळावा पिक, काइल फिलिपॉव्स्की बत्तिसावा. आयझेया कॉलियर एकोणतिसावा, आणि त्याने पहिल्याच मोसमात जॅझचा दिग्गज जॉन स्टॉकटनचा रूकी (पहिल्या मोसमातल्या) असिस्टचा फ्रँचायझी विक्रम मोडला. हे हरून मिळालेले पिक नाहीत. खेळाडू नीट पारखले आणि त्यांना मिनिटं दिली, त्याचं हे फळ आहे.

आता २०२५-२६ च्या मोसमाबद्दल. ‘प्लेऑफही आणि २०२६ चा पहिला पिकही’ हे एकाच वेळी होऊ शकत नाही. प्लेऑफला गेलेली टीम आपल्या पिकसह लॉटरीत नसते. जॅझच्या बाबतीत तर आणखी एक अट आहे, आणि ती मेसेजमध्ये कुठेच नाही. २०२१ मध्ये डेरिक फेव्हर्सला पाठवताना जॅझने ओक्लाहोमा सिटीला पहिल्या फेरीचा एक पिक कबूल केला होता. तो २०२५ पर्यंत दिलेला नव्हता. २०२६ मध्ये जॅझचा पिक पहिल्या आठात आला तर तो जॅझकडेच राहतो आणि देणं कायमचं फिटतं. नववा किंवा त्याखाली गेला तर तो जातो, तोही २०२५ च्या चॅम्पियनकडे.

हिशेब करा. सोडत चारच पिकची असल्याने कुठलीही टीम आपल्या जागेपेक्षा चारच पायऱ्या घसरू शकते. खालून चौथ्या क्रमांकापर्यंत राहिलात, तर आठव्याच्या खाली जाणं अशक्य. पाचवे आलात की किंचित धोका सुरू होतो, आणि पुढे तो वाढत जातो. म्हणजे जॅझने ३०-३२ सामने जिंकले तर प्लेऑफही नाही आणि बहुधा पिकही नाही. सगळ्यात वाईट जागा ती आहे, आणि ‘जरा बरे खेळू’ म्हणणारी टीम तिथेच पोहोचते.

त्यातून २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी कॉलिन सेक्स्टन, जॉन कॉलिन्स आणि जॉर्डन क्लार्कसन यांना सोडलं. तिघांचीही सरासरी १६ गुणांच्या वर होती. नव्याने आले ते युसुफ नुर्किच, काइल अँडरसन, केव्हिन लव्ह. पिस्टन्सने शूटर आणले होते, जॅझने गुण करणारे घालवले. बचावात टीम २०२४-२५ मध्ये लीगच्या अगदी तळाशी होती, आणि तो सुधारेल असा कुणी आलेला नाही. पिस्टन्ससारखी उडी यातून निघत नाही. २०२५-२६ साठी माझा अंदाज २० ते २५ विजयांचा आहे, तोही मार्कानेन ६० च्या वर सामने खेळला तर.

‘दंड किरकोळ असतो’ हा मुद्दा तेवढा बरोबर. मार्कानेनला खेळण्याजोगा असताना बसवल्याबद्दल मार्च २०२५ मध्ये लीगने जॅझला एक लाख डॉलर्स दंड केला. एनबीएच्या मालकाला ही रक्कम काहीच नाही.

राहिली ती शेवटची ठळक ओळ, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. आपल्याकडच्या शालेय आणि जिल्हा स्पर्धांत ड्राफ्ट नसतो. बाद फेरीत हरलात की बॅग भरायची. हरून पुढच्या वर्षी कुणी उंच सेंटर आणून देत नाही. उलट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला खेळायला मिळणारे सामने कमी होतात आणि निवड चाचणीत त्याला बघणारं कुणी उरत नाही. हा मेसेज मुलांच्या ग्रुपवर टाकणाऱ्या मोठ्या माणसाने तो आधी काढून टाकावा.

बाकी ज्यांना जॅझचं खरं काय चाललंय ते समजून घ्यायचंय, त्यांनी फेब्रुवारीची मुदत संपली की सकाळी उठून दोन गोष्टी तपासाव्यात: जॅझ खालून कितवे आहेत, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मार्कानेन कोर्टवर आहे का. जॅझचे नवे अध्यक्ष ऑस्टिन एंज यांनी जून २०२५ मध्येच सांगितलं होतं की खेळाडूंच्या मिनिटांशी असले खेळ २०२५-२६ मध्ये दिसणार नाहीत. मार्कानेन २०२३ चा ऑल-स्टार (ऑल-स्टार सामन्यासाठी निवडलेला) असल्याने त्याला बसवण्यावरचे लीगचे नियम २०२५-२६ च्या मोसमातही लागू होते. टीम खालून पाचवी-सहावी असताना तो ‘विश्रांती’वर दिसायला लागला, तर जॅझने आठव्या पिकच्या बाजूने निर्णय घेतला असं समजा, आणि त्या वर्षी प्लेऑफची चर्चा बंद करा.