प्लम केकमधला प्लम म्हणजे बेदाणा

परवा मिरजेतल्या एका बेकरीतून प्लम केक आणला. कापला तर आत सगळी लाल-हिरवी टूटीफ्रूटी, म्हणजे पाकातली कच्ची पपई. बेदाणे शोधून चार सापडले. आम्ही तासगावचे, घरची द्राक्षबाग, रानात बेदाण्याचं शेड. जिवाला लागलं.

प्लम केकमध्ये प्लम नावाचं फळ नसतंच मुळी. जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे वाळवलेलं द्राक्षसुद्धा. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात तसा अर्थ दिलाय. इंग्लंडात पूर्वी मांस, सुकं फळ आणि मसाले एकत्र शिजवून ‘प्लम पॉटेज’ करत. पुढं त्यातलं मांस गेलं, बेदाणा राहिला आणि त्याचं नाताळचं पुडिंग झालं.

१९२७ मध्ये तर पंचम जॉर्जच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती तिथल्या एम्पायर मार्केटिंग बोर्डानं घरोघरी पोचवली. अट एकच, जिन्नस साम्राज्यातला हवा. लवंग झांझिबारची, रम जमैकाची, बेदाणा ऑस्ट्रेलियाचा नाहीतर दक्षिण आफ्रिकेचा. आपल्या देशाकडून मागितला तो मसाला! आज बेदाणाही आपल्या दारात पिकतो, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपलेच बेकरीवाले पपई घालतात.

केरळात थलश्शेरीच्या मांबळी बापूंनी १८८३ मध्ये नाताळचा केक भाजला. विलायती ब्रँडीऐवजी त्यांनी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू घातली, असं सांगतात. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. परका पदार्थ आपल्या मातीत रुजतो तो असा.

मिरजेच्या मावशी, म्हणजे आईची मैत्रीण, नोव्हेंबर संपता संपता काळा बेदाणा संत्र्याच्या रसात भिजत घालतात. नाताळला त्यांच्याकडून ताट येतं, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि मधोमध त्या केकचे काप. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे जातं. तो केक परका आहे असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलं नाही.

टूटीफ्रूटी स्वस्त पडते, हे कळतं. मग टूटीफ्रूटी केक म्हणून विका ना! चार किलो द्राक्षं वाळली की जेमतेम किलोभर बेदाणा हाती लागतो. मार्चमध्ये माल रॅकवर असताना आभाळ भरून आलं की बाबा रात्र रात्र ताडपत्र्या ओढत शेडवर असतात. भिजला की बेदाणा काळवंडतो आणि सौद्यात दर पडतो. एवढं करून शीतगृहात ठेवलेला माल नाताळाच्या तोंडावर पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या बेकरीत जात नसेल, तर चुकतंय कुठंतरी.

रविवारी मावशींकडे दोन किलो काळा बेदाणा पोचवायला मिरजेला जाणार आहे. तिथल्या कुणा बेकरीवाल्याला नमुना बघायचा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, सोबत घेऊन येतो.