रस्त्याकडेचं जंगल, नजरेआडचं जंगल

आरेतली दोन हजारांवर झाडं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रातोरात पाडली, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेट्रो की झाडं यावरून चांगलीच जुंपली होती. मध्येच एकाने मला टोमणा मारला, 'तुला काय, तू आफ्रिकेच्या जंगलातच राहतोस!' मी राहतो कंपालात, युगांडाच्या राजधानीत, ट्रॅफिकच्या धुरात. आणि १९९० मध्ये युगांडाच्या जवळपास २४ टक्के जमिनीवर असलेलं जंगल पुढच्या पंचवीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं.

कंपालाहून जिंजाला जाताना हायवे माबिराच्या जंगलातून जातो. नाजेम्बेला गाडी थांबली रे थांबली की काड्यांवर भाजलेली कोंबडी आणि भाजकी केळी घेऊन विक्रेते खिडकीला लोंबकळतात. हे जंगल सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून २००७ मध्ये त्यातली सुमारे ७,१०० हेक्टर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, मेहता समूहाच्या साखर कारखान्याला उसासाठी द्यायचं घाटलं, तेव्हा कंपाला पेटलं. लोकांनी त्या साखरेवर बहिष्कार घातला. एप्रिलच्या मोर्चात दंगल उसळली आणि जमावाने एका भारतीय माणसाचा जीव घेतला. ज्याचा कारखान्याशी काडीचा संबंध नाही अशा प्रत्येक भारतीयाला तेव्हा धडकी भरली, आणि ती साहजिकच होती. पण जंगल वाचवायची मागणी रास्त होती, हेही मी आपल्या लोकांत बसून सांगतो, चेहरे पडतात. योजना बारगळली. २०११ मध्ये साखर टंचाईच्या निमित्ताने ती पुन्हा वर काढली, तेव्हाही विरोध झालाच.

आता त्याच शहराची चूल पाहा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी कोळशाची माणसाच्या छातीएवढी पोती उभी असतात, वर गवत कोंबून दोरीने आवळलेली. पोतं परवडलं नाही तर डब्याच्या मापाने कोळसा मिळतो. केळीच्या पानात बांधलेला मटोके, म्हणजे कच्ची केळी, सिगिरीवर, म्हणजे आपल्या शेगडीवर, तासन्‌तास वाफवतात. नाईलवर धरणं आहेत, वीज आहे, पण विजेवर रोजचा स्वयंपाक बहुतेकांना झेपत नाही. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी उत्तर युगांडात विक्रीसाठी कोळसा पाडण्यावर बंदी घातली. शेगडीला पर्याय न देता घातलेली बंदी किती टिकणार?

तिकडे पश्चिमेला, आल्बर्ट सरोवराजवळ, बुगोमा आहे. चिंपांझींचं जंगल, माबिराहून मोठं. २०१६ मध्ये बुन्योरो राज्याने, म्हणजे तिथल्या पारंपरिक राजाच्या संस्थानाने, त्यातली बावीस चौरस मैल जमीन होइमा शुगरला भाडेपट्ट्याने दिली. वनखातं म्हणालं, हे राखीव जंगल. संस्थान म्हणालं, आमची वडिलोपार्जित जमीन. प्रकरण कोर्टात गेलं, पर्यावरणवाल्यांनी जिवाचं रान केलं, तरी झाडं पडलीच. माबिराच्या वेळी पेटलं तसं कंपाला काही पेटलं नाही. बुगोमा कुणाच्या वाटेवर लागत नाही ना!

नैर्ऋत्य युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातले गोरिला वाचले, त्यांची संख्या वाढली, एका भेटीच्या परवान्याला परदेशी माणूस आज ८०० डॉलर मोजतो. पण १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्याच जंगलातले बाट्वा आदिवासी बाहेर काढले गेले. त्यांच्यासाठी कोण मोर्चा काढणार होतं?

म्हणून आरेचा वाद मला खोटा नाही, अपुरा वाटतो. मुंबईकराला लोकलच्या टप्प्यातलं जंगल दिसतं, गडचिरोली दिसत नाही. आणि तिथेच मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जमीन सरकारी, पण काय तोडायचं आणि काय राखायचं हे गाव ठरवतं. युगांडातही वनखातं गावांशी सहव्यवस्थापनाचे करार करतं, पण शेवटचा शब्द खात्याचाच. बुगोमाच्या भाडेपट्ट्यावर गावाची सही लागली असती, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी कुणाला तरी तिथल्या झाडाखाली येऊन बसावं लागलं असतं.