पंच क्रमांक १

गेल्या रविवारपासून सोसायटीत मला 'कतार' म्हणतात.

लिफ्टमध्ये दुसरीतला पोरगा म्हणतो, "कतारकाका, पाचवा दाबा ना." वॉचमन तोंडानं काही म्हणत नाही, पण गेट उघडताना हसतो, आणि त्या हसण्याचा उच्चार अगदी तोच आहे. बायकोची भिशी बी विंगमध्ये असते. तिथं परवा तिचं स्वागत "या, कतारहून कधी आलात?" असं झालं. ती घरी आली ती थेट कुकर आपटायलाच लागली. माझ्या वाटणीची आमटी त्या दिवशी खारट होती. मुद्दाम, असं माझं मत आहे.

घडलं ते एवढंच. सोसायटीच्या मागच्या मैदानावर विंगा-विंगांची फुटबॉल स्पर्धा होती. फायनल बी विरुद्ध सी. मी ए विंगचा, म्हणून तटस्थ. आणि मूळचा कोल्हापूरचा, म्हणून जाणकार. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा, कुस्ती आणि फुटबॉल या तीन गोष्टी जन्मतः येतात असं पुण्यात धरूनच चालतात. मला त्यातला रस्सा येतो, तोही ओरपायला. लहानपणी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांच्या मॅची पाहिल्या, पण त्या भुईमुगाच्या शेंगा खात पाहिल्या. ते सांगेपर्यंत सेक्रेटरींनी माझ्या हातात केशरी नॅपकिन कोंबला होता. "तुम्ही फक्त लाइन बघा."

एक-एक बरोबरी. शेवटची तीन मिनिटं. बी विंगच्या गोलकीपरनं चेंडू अडवला, चेंडू घरंगळत गोलरेषेच्या बाहेर गेला (असं बी विंग म्हणते), सी विंगच्या एका पोरानं तो टाचेनं आत ओढला आणि दुसऱ्यानं गोलात ढकलला. बी विंगची पोरं हात वर करून उभी. मी नॅपकिन खाली धरून उभा. शिट्टी वाजली, गोल.

आता नॅपकिन का वर गेला नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगतो.

माइकवर आमच्याच विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा होता. कॉमेंट्रीचं त्याचं सगळं शिक्षण क्रिकेटवर झालेलं. गोलकीपरला तो दोनदा 'यष्टिरक्षक' म्हणाला. एक फटका झाडांत गेला तेव्हा "चेंडू हवेत आहे आणि खाली क्षेत्ररक्षक आहे" असं ओरडला, आणि खरोखर खाली जोशीकाकू होत्या. मधूनमधून वडापावचे सौजन्य कोणाचे, पाण्याच्या बाटल्या कोणाच्या स्मरणार्थ, हे चालूच. ऐन त्या क्षणी त्याला चिठ्ठी मिळाली आणि त्यानं त्याच आवेशात वाचली: "मागच्या गेटसमोर लावलेली पांढरी गाडी कोणाची आहे, टँकरला अडचण होतेय!"

गाडी माझी होती. मी मान वळवली, दीड सेकंद. तेवढ्यात इतिहास घडून गेला.

आणि नाव तरी काय ठेवावं! 'आंधळा' म्हणाले असते तर मी ते चष्म्याच्या नंबरावर ढकललं असतं. पण 'कतार'? त्या कतारचा सगळ्यात मोठा शिव्याशाप देणारा मीच होतो हो! ११ जून २०२४, दोहा, वर्ल्ड कपची पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. पाचच दिवसांपूर्वी आपला कप्तान छेत्री कोलकात्यात कुवेतशी शून्य-शून्य खेळून निवृत्त झालेला. आपल्या छांगटेनं ३७व्या मिनिटाला गोल केला तेव्हा मी आनंदानं रिमोट फेकला होता, आणि ७३व्या मिनिटाला दुःखानं उशी. आपला गोलकीपर गुरप्रीतनं हेडर अडवला, चेंडू रेषेपलीकडे गेला, आपली पोरं कॉर्नर आहे म्हणून थांबली, तिकडच्या खेळाडूनं चेंडू मागे ओढला आणि युसूफ आयमननं आत मारला. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. पुढं आणखी एक खाल्ला, दोन-एक हरलो, तिसऱ्या फेरीचं दार बंद. त्या रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "ज्याला एक सरळ रेष दिसत नाही त्यानं गवत उपटावं." ते वाक्य बी विंगनं शोधून काढलंय. गेल्या रविवारच्या अकरा सेकंदांच्या व्हिडिओखाली तेच लावून फिरवतात. व्हिडिओत मी नेमका गेटकडे बघतोय, चेहऱ्यावर टँकरची काळजी.

हे इथपर्यंत मी सोसलं असतं. पण सोमवारी सकाळी दूध आणायला उतरलो आणि मैदानात नाना उकिडवे बसलेले दिसले.

नाना म्हणजे सी विंगचे, मोजणी खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले. फुटबॉल त्यांनी रविवारी जन्मात पहिल्यांदा पाहिला, तोही बाल्कनीतून आणि पाठमोरा, कारण ते वाळवणाला राखण बसले होते. त्यांच्या हातात टेप होता, खिशात पेन्सिल, आणि समोर फक्कीची रेष.

"या. तुमचीच वाट बघत होतो. ही हद्द केवढी रुंद?"

"नियमात बारा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे, नाना."

"नियम राहू द्या. ही केवढी?"

रेष माळ्यानं ओढली होती. सुरुवातीला चार बोटं ठसठशीत, पुढं फक्की संपत आली तशी बारीक, आणि गोलखांबाजवळ तर नुसता भास. नानांनी भासाचंही माप घेतलं.

"ही रेष कुणाच्यात धरायची? आतल्याच्या की बाहेरच्याच्या?"

"आतल्या. रेष मैदानाचीच असते."

"असं कसं? बांध सामाईक असतो."

"फुटबॉलमध्ये नसतो. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच बाहेर. जमिनीवरून जावो की हवेतून."

नाना टेप गुंडाळायचे थांबले. "हवेतून? हवेत फक्की कुठं मारलीय?"

मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. डिसेंबर २०२२, वर्ल्ड कप, जपान विरुद्ध स्पेन. जपानच्या मितोमानं गोलरेषेवरून चेंडू आत वळवला आणि तनाकानं गोल केला. बाजूनं बघणाऱ्याला चेंडू चक्क बाहेर दिसतो. वरून बघितलं तर चेंडूच्या पोटाचा केसभर भाग रेषेवर तरंगतोय. गोल धरला गेला, जपान जिंकलं आणि बिचारी जर्मनी, जी त्या मैदानावर नव्हतीच, ती स्पर्धेबाहेर गेली. (ही मॅचही कतारमध्येच, हे मी नानांना सांगितलं नाही.)

नानांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "समजलं. झाड त्याच्या रानात, फांदी आपल्यात. मग आंबे आपलेच." इतक्या सोप्या शब्दांत मला हा नियम आजवर कुणी सांगितला नव्हता. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. तो पुढची चार मिनिटं टिकला.

"चेंडूचा घेर?"

"अडुसष्ट ते सत्तर सेंटिमीटर."

"म्हणजे व्यास बावीस. बरं, पंच किती होते?"

"शिट्टीवाला एक, लाइनवर आम्ही दोघं."

"सह्या कुणाच्या?"

"सह्या नसतात, नाना. गोल झाला की नाही, याबाबत मुख्य पंचाचा निर्णय अंतिम."

नाना एवढे हसले की त्यांना टेप खाली ठेवावा लागला. "अहो, अंतिम काय असतं! तालुक्याची मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी. निमताना पटली नाही तर सुपर निमताना. माझ्या एका बांधाच्या केसमध्ये आजोबांनी अर्ज केला आणि निकालाला नातू हजर होता. तुमच्यात वरती जाताच येत नाही?"

"व्हीएआर असतं. व्हिडिओ परत बघतात."

"मग तीच निमताना. त्या दोह्याच्या सामन्यात का नाही मागितली?"

"त्या फेरीत ती सोयच नव्हती."

"फी भरली नसेल," नाना म्हणाले.

मी सांगितलं की खेळ पुन्हा सुरू झाला की खुद्द पंचालाही निर्णय फिरवता येत नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली. "म्हणजे खरेदीखत झालं." मग माझ्याकडं निरखून बघत विचारलं, "पण तुम्ही कटारे म्हणजे मूळचे लातूरकडचे का?"

"कटारे?"

"सगळे हाका मारतात की तुम्हाला."

मी विषय तिथंच सोडला. माझी चूकच झाली ती.

खरं सांगू, मला राग चेंडूचा नाही. बी विंगनं पहिल्या हाफमध्ये रिकाम्या गोलसमोरून तीन चेंडू बाहेर मारले, त्यातला एक जनरेटरवर. त्याचा व्हिडिओ कुणी काढला? दोह्याचंही तेच. त्याच मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्या घरच्या मैदानावर, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात आपण अफगाणिस्तानकडून दोन-एक हरलो होतो. तो जिंकला असता तर आपले आठ गुण झाले असते, कुवेत सातावर पुढं गेलं, आणि दोह्यातली ती रेष माळ्यानं ओढलेली असती तरी फरक पडला नसता. पण गुवाहाटी कुणाला आठवत नाही. गुवाहाटीत लाइनवाला सापडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरकडून हरलो, आशिया कपची वाट बंद झाली. पुन्हा आधी छांगटेचाच गोल, पुन्हा दोन-एक. त्या रात्री आमचा ग्रुप चिडीचूप होता. शिव्या घालायला कोरियन माणूसच नव्हता ना.

बरं, काम तरी काही मानाचं आहे? १९६६च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत की बाहेर, यावर लोक अजून भांडतात. बहरामोव नावाच्या लाइनवाल्यानं मान हलवून 'गोल' म्हटलं. अझरबैजानचा माणूस, आज बाकूच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. मला वडापाव मिळाला नाही. संपले, म्हणाले. संपले कसे? मी उन्हात रेष राखत होतो तेव्हा यष्टिरक्षकवाल्यानं माइक बाजूला धरून तीन खाल्लेले मी स्वतः पाहिले आहेत. तेव्हा मात्र माझी नजर अगदी रेषेत होती.

आता बी विंगला वर्गणी परत हवी आहे. त्यांच्या एका वकिलानं दाखलाही दिला: २००९ साली पात्रता फेरीच्या प्लेऑफमध्ये फ्रान्सच्या थिएरी आँरीनं हातानं चेंडू थोपवला, गालासनं गोल केला आणि आयर्लंडचा वर्ल्ड कप गेला, पुढं फिफानं त्यांच्या संघटनेला पन्नास लाख युरो दिल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. बी विंगची मागणी प्रत्येक घरामागं अडीचशे रुपयांची आहे. सेक्रेटरींनी तो अर्ज 'योग्य अभिप्रायासाठी' माझ्याकडंच पाठवलाय.

काल रात्री साडेनवाला बेल वाजली. दारात नाना, हातात चौकोनी कागद. प्रमाणात काढलेला नकाशा, उत्तर दिशेचा बाण, खाली सरकारी मोजणीच्या नकाशावर असतं तसं 'क प्रत'. चेंडूच्या जागी एक सुबक गोल. मला, खरंच सांगतो, भरून आलं. अखेर कुणीतरी माझ्यासाठी मोजलं होतं.

"मग नाना? आत की बाहेर?"

"ते आता सांगता येणार नाही. खूण राहिली नाही, माळ्यानं पाणी मारलं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण तुमचा तो डावा गोलखांब आहे ना, तो शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत साडेचार इंच गेलाय. अतिक्रमण. उद्याच अर्ज करतो. पंचनाम्यावर सही करा."

टीव्हीवर कुठल्यातरी देशाची पात्रता फेरी चालू होती आणि आतून कुकर पुन्हा आपटला गेला. मी न वाचता सही केली. नानांनी कागद दिव्याखाली नेला, बराच वेळ बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पंच क्रमांक एक, श्री. कटारे," त्यांनी वाचलं. "अहो, सही जुळत नाहीये."