वाफा राखण्याची इंदुरी रीत

कॉलनीतल्या पडीक भूखंडाचे वाटे पाडून घरटी एकेक वाफा देण्याची टूम आपल्याकडे निघाली असेल आणि दहा बाय पंधरा फुटांची काळी जमीन आपल्याही पदरी पडली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. माघ-फाल्गुनापर्यंत आपण टोमॅटोंची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवलीच असतील. आता वैशाख लागला आहे, पारा चाळिशीच्या पुढे गेला आहे, एक दिवसाआड येणारा नळ दोन दिवसांआड येऊ लागला आहे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ होरपळीचे दिवस, तोंडावर आहे. अशा वेळी वाफा कसा राखावा, याचे काही अनुभवसिद्ध नियम आपल्या सेवेत सादर करतो.

पहिला नियम असा की, पाणी पुरते बंद होईपर्यंत काहीही करू नये. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी ज्या मालव्याची ख्याती, तिथे पाण्याची तरतूद करणे हा भूमीचा अपमान आहे. शिवाय आपल्यामागे नर्मदा उभी आहे. तिच्यासाठी 1970 मध्ये आपल्या वडीलधाऱ्यांनी आंदोलन केले, 1978 मध्ये ती आपल्या काठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटरची वाट तुडवीत, विंध्याचा चढ पंपांच्या बळावर चढून इंदुरात आली. इतक्या सायासाने वर आणलेल्या नदीने दारचा ओटला आणि स्कूटर धुतल्यावर उरेल तेवढे पाणी वांग्याला घालावे, हाच क्रम योग्य आहे.

पाणी घालण्याची वेळ भर दुपारची असावी. झाडे माना टाकतात ती त्याच वेळी, आणि मान टाकलेल्याच्या तोंडावर पाणी शिंपडणे हा आपला संस्कार आहे. त्यातले बरेचसे पाणी वाफ होऊन उडून जाते, पण आपण काहीतरी केले हे शेजाऱ्यांना स्पष्ट दिसते. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे घातलेले पाणी कोण पाहणार? तेही रोज थोडे थोडे, फक्त वरची माती काळी दिसेल एवढेच घालावे. चार दिवसांनी एकदाच, पण वीतभर खोल मुरेल असे पाणी दिले तर मुळे ओलाव्याच्या शोधात खाली उतरतात आणि मग झाडाला आपली रोज गरज उरत नाही. असे परावलंबन सुटलेले झाड आपल्याला काय कामाचे?

काळ्या मातीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ती आपल्याला फार मदत करते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे वैशाखात तिला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. या भेगांतून खालचा ओलावा बाहेर जातो आणि वरून ओतलेली बादली मुळांना न भेटता थेट पाताळात उतरते. वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवून भेगा बुजवल्या तर हे सगळे थांबते, म्हणून खुरपे माळ्यावरच असू द्यावे. वाफ्यावर वाळका पाला किंवा कोपऱ्यावरच्या रसाच्या चरखीवरून फुकट मिळणारी उसाची चिपाडे पसरण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आहे याची आठवण करून द्यावी. पहिल्या क्रमांकाच्या शहरात जमिनीवर कचरा? वाफा झाडून लख्ख करावा, पाला गाणे वाजवीत येणाऱ्या कचरागाडीत टाकावा आणि उघड्या मातीला उन्हाशी एकटीने झुंजू द्यावे.

पिकांच्या बाबतीत समतेचे तत्त्व पाळावे. दोन बादल्याच पाणी असेल तर ते सर्वांना सारखे वाटावे, म्हणजे सगळी झाडे सारख्याच वेगाने वाळतात आणि कोणावर अन्याय होत नाही. फुलोऱ्याला आलेला पालक आणि कोथिंबीर उपटून ते पाणी भेंडीला देणे निर्दयपणाचे आहे. गवार आणि चवळी कमी पाण्यात तग धरतात, त्यामुळे त्यांत पुरुषार्थ नाही, लावू नयेत. कधी कोरडे, कधी चिखल, अशा पाण्याने टोमॅटोचे बूड काळे पडू लागले की ते पाण्याच्या ओढाताणीमुळे झाले असे मानू नये. लगेच मूठभर युरिया टाकावा. तहानलेल्या झाडाला युरिया घातल्यास पानांच्या कडा करपतात आणि मग ‘रोग आला होता’ असे सांगण्याची सोय होते.

नळ आलाच, तर टिल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणारी छोटी मोटर, थेट नळालाच जोडावा. सगळ्या गल्लीने एकाच वेळी जोडला की शेवटच्या घरी नुसती हवा येते, पण शेवटचे घर आपले नसल्यास यात चिंतेचे कारण नाही. आपलेच असल्यास रहिवासी मंडळाची सभा बोलवावी आणि टिल्लू पंपांविरुद्ध ठराव मांडावा. ठरावाला सूचक मिळेल, अनुमोदकही मिळेल. दोघांच्याही घरी टिल्लू असेल.

घरातल्या सांडपाण्याकडे मात्र प्रतिष्ठित माणसाने वळून पाहू नये. आरओ यंत्र एक लिटर पिण्याचे पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते. त्या पाण्यात क्षार अधिक असतात हे खरे आहे, आणि हा खरा मुद्दा हाताशी जपून ठेवावा. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेल्या पाण्याला तो लागू पडत नाही, हे कोणी विचारीपर्यंत सांगू नये. छपराचा विषयही टाळावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे गणित शाळेतल्या मुलालाही जमते. त्या हिशेबाने 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटरच्या एका सरीत हजार लिटर पाणी पडते. हे गणित वैशाखात मांडल्यास मनस्ताप होतो आणि आषाढात मांडण्याची गरज भासत नाही, कारण तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी असते.

एवढे करूनही कोपऱ्यातल्या काकूंचा वाफा हिरवागार दिसला, तर घाबरून जाऊ नये. काकू लोंबत्या पाइपाने पाणी घालताना कधी दिसत नाहीत, त्याअर्थी त्यांनी चोरून नळजोडणी घेतली आहे, असे सभेत निक्षून सांगावे आणि तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी. समितीने कुदळ घेऊन भेंडीच्या ओळीपासून खणायला सुरुवात करावी. पाइप सापडणार नाही. गळ्यापर्यंत पुरलेले, तोंडावर खापरी ठेवलेले बिनरंगाचे चार माठ सापडतील, ज्यांच्यातून पाणी पाझरून नेमके मुळाशी जाते आणि जे चार दिवसांतून एकदाच भरावे लागतात. त्यांतले दोन कुदळीच्या घावाने फुटतील. ‘सार्वजनिक भूखंडावर विनापरवानगी पाणीसाठा आढळला’ अशी नोंद इतिवृत्तात करावी, काकूंना खुलासा मागावा आणि उरलेले दोन माठ पुढील सभेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात जमा करावेत. उन्हाळ्यात सदस्यांना प्यायला गार पाणी लागतेच.