दंडाचा घेर केवळ बायसेप्सने भरत नाही

दंड भरण्यासाठी रोज डंबेल कर्ल (डंबेल धरून कोपरातून हात वाकवणे) करावेत, हा एका लेखातील सल्ला मला अपुरा वाटतो. दंडाच्या स्नायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग मागच्या ट्रायसेप्सचा असतो, हे त्यात आलेच नाही. आमच्या खानापूर तालुक्यातील तालमींत पैलवानांचे दंड जोर मारून आणि दोर चढून भरतात, कारण जोर मारताना ट्रायसेप्स राबतो आणि दोर चढताना दंडाच्या पुढचा बायसेप्स.

बायसेप्सची दोन्ही टोके वर खांद्याच्या फऱ्याला आणि खाली, कोपराच्या पुढे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडलेली असल्यामुळे हा स्नायू कोपर वाकवतो, तसाच तळहातही वर फिरवतो. म्हणून त्याच्यासाठी कर्ल करताना तळहात वर असावा. त्याच्याखाली दडलेला ब्रेकिॲलिस मात्र करंगळीच्या बाजूच्या हाडाला जोडलेला असतो आणि तळहात खाली वळवून केलेल्या कर्लमध्ये त्याच्या वाट्याला अधिक काम येते. बेळगावच्या जिममध्ये मुले कंबरेला झोका देऊन जड डंबेल उचलताना दिसतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. वजन पेलवेल इतकेच घ्यावे, ते सावकाश खाली आणावे आणि त्याच स्नायूला पुन्हा ताण देण्यापूर्वी साधारण ४८ तासांची विश्रांती द्यावी.