जेट्ट्या सोडून

नवी मुंबईत सीवूड्स स्टेशनाबाहेरच्या टपरीवर रविवारी संध्याकाळी आमचा कट्टा बसतो. परवा निमित्त झालं मंग्याच्या नव्या फ्लॅटचं. अकरावा मजला, समोर डीपीएस शाळेजवळचा तलाव, आणि ‘फ्लेमिंगो व्ह्यू’ म्हणून ब्रोकरने चौरस फुटामागे वर लावलेले पैसे.

"पक्षी तुझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहेत का रे?" सुध्याने चहा फुंकत विचारलं. हा दर हिवाळ्यात पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडणारा माणूस.

"पक्षी नसले तरी कायदा आहे. पाणथळीपासून पन्नास मीटर कायम बांधकाम नाही. म्हणजे माझ्या गॅलरीपुढे कोणाचा टॉवर येत नाही."

झालं, सुध्या सुटला. २०१७चे पाणथळ नियम त्याला तोंडपाठ आहेत, आणि ते तो पूर्ण ऐकवल्याशिवाय थांबत नाही. "ते पन्नास मीटर कुठून मोजायचे? दहा वर्षांत पुराचं पाणी सरासरी जिथवर चढलं तिथून. ती रेघ जागेवर कोणी आखलेली पाहिलीस? आणि पुढचं ऐक. कायम बांधकाम नको, ‘बोटींच्या जेट्ट्या सोडून’. आता डीपीएस तलाव कशाने आटला ते सांग."

मंग्या गप्प. नेरूळला जेट्टीच्या कामात खाडीचं पाणी तलावात यायची वाट बुजली, हे सीवूड्समध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तलाव आटत गेला, उरलेलं पाणी साचून शेवाळ माजलं, आणि २०२४च्या उन्हाळ्यात त्या भागात मेलेले फ्लेमिंगो सापडले. तलावाच्या काठावर एक वीट न रचता हे झालं.

"अरे पण तो मुळात पाणथळ तरी आहे का?" मंग्याने दुसरी बाजू धरली. "मिठागरं, पिण्याच्या पाण्याचे तलाव, भातखाचरं, सगळी वगळलीत त्या नियमांत. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातलंही वगळलंय."

"हो ना! एक खातं म्हणतं माझ्याकडे नाही, दुसरं म्हणतं माझ्याकडे नाही. पण खारफुटीचं तसं नाही. २०१८ला हायकोर्टाने सांगितलंय, जमीन कोणाचीही असो, भोवती पन्नास मीटर सोडायचेच."

करावे गावचे भाऊ इतका वेळ बिडी ओढत ऐकत होते. ते म्हणाले, "तुमच्या होल्डिंग पाँडमध्ये तिवरं उगवलीत, त्यांचं काय करता?"

इथे सुध्याची पंचाईत झाली. शहर भरावावर, भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी थोपवून धरायला हे पाँड केले. ते गाळाने भरले, गाळात तिवरं आली, आणि आता गाळ काढायचा तर आधी कोर्टाची परवानगी.

"म्हणजे तुझी खारफुटी वाचते आणि माझं पार्किंग बुडतं," मंग्या खूश.

"गाळ वेळेवर काढला असता तर तिवरं उगवली असती का?" सुध्या चिडलाच. माझंही मत सुध्याकडे झुकतं, पण त्याच्या मीटर-टेपवर माझा विश्वास नाही. नियमांत ‘प्रभावक्षेत्र’ असा शब्द आहे, पाणी येतं-जातं ती सगळी जागा त्यात धरायला हवी; भांडताना मात्र दोघेही पन्नासाच्या आकड्यालाच धरून.

भाऊ म्हणाले, "आमच्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार असायचं. ते ओहोटीला उघडायचं, भरतीला आपोआप मिटायचं. त्यात कचरा अडकला तर गावातला कोणीतरी रात्रीबेरात्री जाऊन काढायचा. बांध किती लांब आहे हे कोणी मोजत नव्हतं."

मंग्या जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तलावात पाणी येतंय की नाही, हे माझ्या गॅलरीतून कळेल?"

भाऊंनी बोटांवर तिथी मोजली. "आज अष्टमी. भांगाचं पाणी, भरती फार चढत नाही, आज काही कळायचं नाही. पुनवेच्या उधाणाला बोलवा, मी येतो."